झाकणाचा वास

“मशीननं पास केलंय ना? मग ओत तो कॅन!” आनंद साहेब ओरडले. मी झाकणावरचा हात काढला नाही.

“साहेब, गोचिडाच्या औषधाचा वास येतोय. म्हशीला चोळलेलं दुधात उतरलंय.”

“ज्ञानदेव, स्क्रीनवर बघ. फॅट बरोबर, पाणी नाही. तुझ्या नाकाचा कागद छापून निघतो का?”

एमआयडीसीतल्या या डेअरीत अठरा वर्षं मी हेच काम करत होतो. झाकण उघडायचं, नाकाशी न्यायचं, मान हलवायची. मान आडवी हलली की कॅन परत. माझ्या बापाला शेळगावात कुणी दुधाच्या भांड्याजवळ उभं करत नव्हतं. त्याच शेळगावचे महिपतराव रोज सकाळी माझ्या मानेकडे बघत उभे राहायचे. आज वास मारणारा कॅन त्यांचाच होता.

“यंत्र व्हय म्हणतंय,” महिपतराव माझी नजर चुकवत म्हणाले. “तुमी कशाला आडवं लावताय?”

माझं डोकं सणकलं. परदेशी भांडवल आलं, परदेशी मशीन आलं, आता आपलं दूध जगाच्या बाजारात जाणार म्हणे. जाऊ द्या की! मशीनशी माझं भांडण नव्हतंच. फॅट ते माझ्यापेक्षा चांगलं सांगत होतं. पण त्याला नाक नाही, हे माहीत असून माणसांनी अक्कल गहाण टाकायची?

मी ग्लास घेतला, त्याच कॅनमधलं दूध काढलं आणि साहेबांपुढे धरला.

“पास हाय ना? मग प्या.”

साहेबांनी हात मागे घेतले. महिपतराव दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात कंपनीचे गोरे पाहुणे मशीन बघायला आत आले. पुढच्याला वाटलं, पाहुणचार चाललाय. “नमस्ते,” म्हणत त्याने हसून माझ्या हातातला ग्लास घेतला आणि ओठाला लावणार, तोच आनंद साहेबांनी झडप घालून तो हिसकावला. निम्मं दूध पाहुण्याच्या बुटांवर सांडलं.

“माशी पडली होती,” साहेब त्याला इंग्रजीत म्हणाले. तेवढं इंग्रजी मला कळतं.

पाहुणे हसत पुढे गेले. ते दिसेनासे झाल्यावर साहेबांनी तोच कॅन टाकीत ओतायला लावला. पिशव्यांतून पुण्याला जाणारं ते दूध तिथल्या पोरांनी प्यायचं, पाहुण्यानं नाही! दुसऱ्या दिवसापासून मला गोडाऊनला बसवलं, रिकाम्या पिशव्यांच्या गठ्ठ्यांवर.

महिन्याभराने महिपतराव तिथे आले. आजूबाजूला बघून त्यांनी धोतराच्या सोग्याखालून कॅनचं झाकण काढलं.

“ज्ञानदेवराव, जरा वास घ्या की.”

“का? यंत्र हाय की तितं.”

“यंत्राचं ऱ्हाऊ द्या. ह्या कॅनातलं तांब्याभर घरी ठिवलंय. नात पिती.”

हाकलून द्यावं असं वाटलं. पण नातीने माझं काय वाईट केलं होतं? मी झाकण नाकाशी नेलं. तोच वास, तसाच उग्र.

“नातीला देऊ नका,” मी म्हणालो. “वतून टाका.”

“लई उपकार झालं.” त्यांनी हात जोडले, झाकण घेतलं आणि बाहेर गेले. मी दारात येऊन बघितलं. महिपतरावांनी झाकण बाहेर ठेवलेल्या कॅनवर घट्ट बसवलं आणि कॅन उचलून ते मशीनच्या रांगेत जाऊन उभे राहिले.