पाने मोजून घेतली

आमच्या मेडिकल कॉलेजात विभागप्रमुखांना पाठीमागे सगळे ‘चारशेबारा’ म्हणतात. मूतखड्यावरच्या त्यांच्या प्रबंधाची पानं तेवढी आहेत, आणि ते त्यांनी शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालंय. मी इथली ग्रंथपाल. सत्तावीस वर्षं तो काळा ठोकळा माझ्या कपाटात बसलाय. त्याच्या मागच्या खिशातलं देवघेवीचं कार्ड अजून कोरं आहे. एकानेही तो घरी नेलेला नाही. नेणार कशाला, उशाला घ्यायला?

माझी भाची त्यांच्याच हाताखाली पीएचडी करत होती. विषय, नवजात बाळांची कावीळ. पाच वर्षांत तिने तीन पेपर छापून आणले. नव्या नियमाप्रमाणे ते तीन पेपर, पुढे प्रस्तावना, मागे चर्चा, एवढं एकत्र बांधलं की झाला प्रबंध. शहाण्णव पानं. तीस तारखेला तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. त्याआधी प्रबंध सादर करायच्या अर्जावर चारशेबारांची सही झाली नाही, तर पाच वर्षं पाण्यात.

“हे टाचणी मारलेले कागद मला दाखवू नका,” ते तिला म्हणाले. “प्रबंध लिहावा लागतो. एकट्याने, बैठक मारून. ग्रंथालयात माझा आहे. बघा जरा, म्हणजे कळेल. चारशे पानं झाली की या.”

वीस दिवसांत चारशे पानं! जिभेला काही हाड?

नव्या पद्धतीचंही मला फार कौतुक आहे असं समजू नका. एकेका पेपरावर बारा-बारा नावं. त्यातल्या चौघांनी कावीळ झालेलं बाळ फोटोतच पाहिलेलं असणार. तिन्ही पेपरांची सुरुवात तीच, शब्द तेवढे इकडचे तिकडे. भाचीने ते माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवले तेव्हा भाजी चिरताचिरता चाळले, तरी एवढं माझ्या लक्षात आलं. “वाचले गं, छान झालेत,” म्हटलं. पोर खूश झाली. पण एक आहे. दुसरा पेपर छापण्याआधी तीनदा परत आला होता, सोबत अकरा पानं शंका. त्या शंकांपायी ती माझ्यासमोर ढसाढसा रडली होती. म्हणजे कुठल्या तरी अनोळखी माणसाने तिचा आकडा न् आकडा तपासला होता. मूतखड्याच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

भाचीने सरांचा हुकूम मानला. तो ठोकळा घेऊन वाचनकक्षात बसली आणि खरोखर वाचायला लागली. वेडी मुलगी! चौथ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी आली.

“मावशी, दोनशे नऊ नंबरचं पान पुन्हा आलंय.”

पाहते तर काय, दोनशे नऊ ते दोनशे चोवीस ही सोळा पानं दोनदा बांधलेली, आणि दोनशे पंचवीस ते दोनशे चाळीस गायब. अनुक्रमणिका काढली. सगळे निष्कर्ष नेमके त्या गायब पानांत, पुढे नुसते तक्ते आणि संदर्भ! मला इतकं हसू आलं की चष्मा काढून ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी ठोकळा काखेत मारून, भाचीला मागे घेऊन सरळ त्यांच्या केबिनमध्ये शिरले.

“सर, दोनशे एकतिसावं पान जरा वाचून दाखवता?”

त्यांनी ऐटीत पुस्तक उघडलं. पानं पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. चेहरा पडला.

“बांधणाऱ्याची चूक,” ते पुटपुटले.

“अगदी. पण तेव्हा एकच प्रत तिन्ही परीक्षकांकडे फिरायची ना? ती हीच. शेवटी तिघांच्या सह्या आहेत. ‘प्रबंध समग्र वाचला. निष्कर्ष विशेष मौलिक.’ कुठले निष्कर्ष, सर?”

माणूस पोकळ असेल, पण बावळट नाही. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि परीक्षकांच्या सह्यांखालच्या ग्रंथालयाच्या जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं. ‘पाने मोजून घेतली.’ शिक्क्याखाली सही.

“ही कुणाची, बाई?”

माझी. नोकरीच्या पहिल्याच महिन्यातली, खाली मोठा झोकदार फराटा मारलेली.

“माझी,” मी म्हटलं. “मोजली होती, सर. चारशे बारा भरली.”

भाची जमिनीकडे बघत होती. सरांनी ठोकळा मिटला. मग म्हणाले, “हे बाहेर जायला नको. तुमच्याही हिताचं नाही.” त्यांनी पेन उघडलं आणि तिच्या अर्जावर सही ठोकली. तिची शहाण्णव पानं बाजूलाच पडली होती. त्यांनी ती उलटूनसुद्धा पाहिली नाहीत.

जिन्यातून उतरताना माझी टकळी थांबेना. “सगळे एका माळेचे मणी! वाचायला नको, नुसत्या सह्या मारायला हव्यात. लाज कशी वाटत नाही एकेकाला?” खाली आल्यावर भाचीने मला घट्ट मिठी मारली.

एकोणतीस तारखेला तिच्या प्रबंधाची प्रत माझ्या टेबलावर आली. पानं मोजली. शहाण्णव, क्रमाने. शिक्का शाईत दाबला, आणि तेवढ्यात आभारांच्या पानाकडे लक्ष गेलं. सर अर्ध्या ओळीत उरकले होते. मग पेपरांवरचे बाकीचे अकराजण. शेवटी लिहिलं होतं: ‘आणि माझ्या मावशीचे आभार. माझं काम इतरांनी तपासलं. तिने त्यातला शब्दन्‌शब्द वाचला.’

माझे कान तापले. फराटा मारणारा हात तोच, आणि जिन्यातली ती तोंडपाटीलकीही माझीच. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

शिक्का डबीत परत ठेवला. चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं. पाच वर्षं घरात कावीळ, कावीळ ऐकत होते. बाळांना ती कशाने होते, ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.