शेवटच्या खोलीतला नळ

असं समजा, बाळांनो, की तुमची विहीर आटली आहे. पाणी शेजाऱ्याच्या ट्रकमधून येतं, आणि नळ ठिबकत राहिला तर आई कान पिळते. कॅनडातल्या सस्कॅचवनच्या माळावर इर्मा फ्रीसन अशीच वाढली. पाणी आणणारा शेजारी होता कॉर्नी वीब.

पुढे इर्मा गावच्या रुग्णालयात साफसफाईला लागली. मुकादमीणबाईंनी बजावलं होतं, "रिकाम्या खोल्यांतले नळ दर आठवड्याला भरपूर सोडायचे. नळीत साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात."

इर्मा वर्षानुवर्षं सोडत आली. पण एका उन्हाळ्यात पाऊस रुसला, शेतं करपली. भळाभळा वाहणारं पाणी तिला बघवेना. चूळ भरण्यापुरतं सोडून ती नळ बंद करू लागली. स्वच्छ तर दिसतंय, ती मनाशी म्हणे.

मग शेवटच्या खोलीत कॉर्नी आला. म्हातारा, छातीनं अधू. गिळताना ठसका लागून पाणी छातीत जायचं.

"काय गं इर्मे, विहिरीला पाणी आलं का? की अजून माझाच ट्रक?"

"गप पड, कॉर्नी. पाणी पी."

तिनंच पेला भरून दिला, त्याच नळाचा. रोज दिला.

कॉर्नीला न्यूमोनिया झाला. तपासणीत त्या नळाच्या पाण्यात तेच जंतू सापडले. इर्मानं आपण होऊन मुकादमीणबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. मग म्हणाल्या, "मला आधी सांगायचंस गं. मी समजावलं असतं."

कॉर्नी घरी गेलाच नाही; त्याच खोलीत त्यानं डोळे मिटले.

हिवाळ्यात एका शनिवारी नऊ वर्षांची नात टेसा इर्माबरोबर कामावर आली. शेवटच्या खोलीत इर्मानं नळ पूर्ण सोडला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"आजी, पाणी वाया जातंय. तूच ओरडतेस ना?"

"घरी ओरडते. इथं ते वाहायलाच हवं."

"का?"

"इथं मी एकदा पाणी वाचवलं." इर्मानं नळाकडे वळून पाहिलं. "ज्यानं आम्हाला पाणी पाजलं, त्याच्याच पेल्यातलं."

टेसाला सगळं कळलं नाही. नळाकडे गेलेला हात तिनं मागे घेतला. आजीनं "पुरे" म्हणेपर्यंत ती वाहत्या पाण्याकडे बघत राहिली. मग नळ घट्ट बंद केला, आजीचं बोट धरलं आणि तिला पुढच्या रिकाम्या खोलीकडे घेऊन गेली.