मंजुळाच्या हातातले सूप

मित्रांनो, मी पोलादपूरच्या डोंगरातल्या एका घरातले जुने सूप आहे. महाडच्या एका बुरडाने मला विणले. कुशाबाने मला विकत आणले आणि त्याच्या बायकोने, मंजुळाने, मला शेणाने सारवले. चाळीस वर्षे मी तिच्या हातात पाखडत राहिले.

मग मंजुळा विसरू लागली. आधी मीठ, मग मुलाचे नाव. दिवसभर ती दाराकडे धावायची. "वरंधला म्हायेरी जाते. आय वाट बघते." तिची आई जाऊन तीस वर्षे झाली होती.

मी हातात असले की मात्र ती बसायची. म्हणून कुशाबा रोज सकाळी तेच तांदूळ घ्यायचा, त्यात मूठभर कोंडा नि खडे मिसळायचा आणि मला तिच्यापुढे ठेवायचा.

"दुकानदारानं फशिवलं तुमाला! डोळं नाय काय?"

"चुकलं गो. उद्या बदलून आनतो."

"काल पन असंच बोल्लाव!"

आदल्या दिवशीचे तिला एवढेच आठवायचे, आणि कुशाबा त्यावरच खूश व्हायचा.

मे महिन्यात मुंबईहून सून आली, सेजल. "बाबा, आईंना असं फसवता?" असे म्हणून तिने ते निवडलेले तांदूळ शिजवले. मायेनेच. दुसऱ्या दिवशी तिने कोंडा मिसळू दिला नाही; मी रिकामे होते. कुशाबा पाण्याला गेला होता. मंजुळा मला दोनदा हलवून उठली आणि निघाली. मी ओसरीवर पालथे पडून राहिले. मला हाक मारता येत नाही.

दुपारी ती महामार्गाच्या कडेला सापडली. अनवाणी. शेजारून ट्रक जात होते. सेजल तिला धरून घरी आली, रडली, आणि डब्यातल्या तांदळात कोंडा मिसळू लागली.

"आता सूनबाय पन फसली!" मंजुळा म्हणाली.

गेल्या पावसाळ्यात मंजुळा तापाने गेली. घरीच, कुशाबाच्या मांडीवर.

आता मी खुंटीला आहे. मला चैन पडत नाही. शेजारच्या ठकूबाईचेही आता तसेच होऊ लागले आहे. तीही सारखी उठते, दाराशी जाते. तिची मुलगी सारिका मला मागायला दोनदा आली. "वापरातलं हाय," कुशाबा म्हणतो. मग मला पुसतो आणि परत टांगतो.

मित्रांनो, त्याचे मला कळते. पण सारिकाने काल आईला आत ठेवून बाहेरून कडी लावली. तुमच्यापैकी कोणीतरी येऊन कुशाबाला सांगा, मला खाली काढ म्हणावे.