मालनला लिहिलेली पत्रं

"अक्षर माझंच आहे," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांनी पत्र डोळ्यांपाशी नेलं, मग हातभर लांब धरलं आणि शेवटी समोरच्या माणसाला परत दिलं. "पण वाचता येत नाही हो आता. तुम्हीच वाचा."

कुंदन पगारेंनी पत्र घेतलं. गंगापूर रोडवरच्या या फ्लॅटमध्ये ते पहिल्यांदाच आले होते आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. बाईंची सून तृप्ती सरबताचा ट्रे ठेवून तिथेच वेताच्या मोढ्यावर टेकली.

पगारे वाचू लागले. "प्रिय मालन, काल क्लबात नाटकाची तालीम झाली. पुरुषाचं काम करायला कुणी तयार होईना, म्हणून मिशा मलाच लावल्या. घरी आले तर डिंक सुटेना. तशीच पानं वाढायला घेतली. आमच्या वकीलसाहेबांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, कोर्टात तुमच्यासारखे पुष्कळ येतात..."

यशोदाबाई हसल्या. हसता हसता त्यांना खोकला आला. तृप्तीनं पाठीवर हात ठेवला. पगारे पुढे वाचत राहिले, बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. मध्येच त्यांनी डोळे उघडले.

"तुम्ही पान उलटलं नाहीत."

पगारे थांबले. पत्र मांडीवर होतं आणि त्यांची नजर खिडकीकडे होती.

"पाठ आहे थोडंफार," ते म्हणाले.

"हे एकच?"

"बरीचशी आहेत."

बाईंनी पदर सारखा केला, जणू खोलीत आत्ता कुणीतरी परकं आलं होतं.

पगारे अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरुणपणी एकदा जुनं कपाट विकत घ्यायला ते एका सावकाराच्या वाड्यावर गेले होते. कपाटाच्या खणात पत्रं निघाली. परत द्यायला गेले तर घरातले म्हणाले, "असू द्या, रद्दीच आहे." त्यांनी ती रात्री वाचली आणि तिथून हे वेड लागलं. नाशिकातली जुनी घराणी, जिमखाने, भगिनी मंडळं, टेनिस खेळणारे वकील आणि ब्रिज खेळणाऱ्या त्यांच्या बायका. या लोकांची हातानं लिहिलेली पत्रं ते जमवत गेले. घरं पाडली जायची, टॉवर उभे राहायचे, कागद भद्रकालीत फारुखभाईंच्या रद्दीच्या दुकानात यायचे. फारुखभाई शाईचं अक्षर दिसलं की गठ्ठा बाजूला काढून ठेवायचे.

मालन घैसास यांच्या घरातला गठ्ठाही असाच आला. गोदा भगिनी क्लबच्या अध्यक्षा यशोदाबाई खांबेटे यांनी कोल्हापूरला राहणाऱ्या मैत्रिणीला आठ-दहा वर्षं लिहिलेली पत्रं. नंतर मालन नाशिकला परतल्या, इथेच वारल्या, बंगला विकला गेला. पगारेंच्या सगळ्या संग्रहात ही पत्रं वेगळी होती. बाकीचे लोक पत्रातही पाहुण्यांसमोर बसल्यासारखे बोलत. ही बाई बोलायची तशी लिहायची. पुण्याच्या एका संस्थेनं पगारेंचा संग्रह मागितला होता. तिथल्या संशोधक बाईंनी मालनची पत्रं वाचली आणि म्हणाल्या, "हे तर या संग्रहाचं काळीज आहे." संग्रहाला 'पगारे संग्रह' असं नाव आणि वेगळी खोली मिळणार होती.

त्याआधी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांनी काही पत्रं मांडली होती. तिथे तृप्ती आली. काचेखालची सही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "या माझ्या सासूबाई. घरी आहेत."

त्या केव्हाच गेल्या असतील, असं पगारेंनी धरलं होतं.

सरबत तसंच राहिलं. यशोदाबाई म्हणाल्या, "मालन मला म्हणाली होती, वाचून झालं की फाडते. प्रत्येक पत्राखाली लिहायचे मी, फाड म्हणून."

"हो," पगारे म्हणाले. ते त्यांनाही पाठ होतं.

"नाही फाडली तिनं." बाईंनी पगारेंच्या मांडीवरच्या पत्राकडे बोट केलं. "आता तुम्ही फाडा."

"आई," तृप्ती हळूच म्हणाली.

"तुला नाही म्हणत गं. यांना म्हणतेय."

पगारेंनी पत्रावर हात ठेवला. "बाई, यात अख्खं नाशिक आहे. एकोणसत्तरचा पूर आहे. क्लबचं पाळणाघर कसं सुरू झालं, ते आहे. हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही."

"मग नाशिक ठेवा. मला काढा."

"ते वेगळं कसं करायचं?"

"ते तुम्ही बघा. मी तुम्हाला ओळखत नाही, पगारे. माणूस चांगले दिसता. पण मी हे तुम्हाला लिहिलेलं नाही."

घरी आल्यावर पगारेंनी बायकोला सगळं सांगितलं. अंजली शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. ती मेथी निवडत होती.

"कायद्यानं कागद माझा आहे," पगारे म्हणाले. "फारुखभाईंकडून घेतलाय."

"कायद्याचं कोण बोलतंय? मी डी.एड.ला असताना तुम्हाला लिहायचे, ती कुठं आहेत?"

"माळ्यावर. डब्यात."

"ती काचेखाली मांडली तर?"

"आपली कोण मांडणार? आपण कोण लागून गेलो?"

अंजलीनं जुडी खाली ठेवली. "म्हणजे मोठ्या घरच्या बाईला लाज नसते, असं आहे का?"

पगारे उठून गॅलरीत गेले. रात्री जेवताना ते म्हणाले, "आयुष्यात एक काम नीट केलं, अंजली. तेवढंच."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात अजून भाजी वाढली.

रविवारी ते पुन्हा गेले. बाईंसमोर गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, "मी एकेक वाचतो. तुम्ही ऐका. जे ठेवायचं ते सांगा, बाकीचं तुमचं."

बाईंनी तृप्तीला परात आणायला सांगितली.

असे दर रविवारी दुपारी ते जाऊ लागले. पगारे वाचायचे. वाचून झालं की बाई हात पुढे करायच्या. पुराचं पत्र, पाळणाघराची पत्रं, कलेक्टरच्या बायकोनं ब्रिजमध्ये कशी लबाडी केली ते पत्र, ही ठेवायची निघाली. बाकीची त्या स्वतः फाडायच्या. बोटांत जोर नव्हता, त्यामुळे एकेक पत्राला वेळ लागायचा. चिंध्या परातीत पडायच्या. तृप्ती सुरुवातीला उठून आत जायची, पुढे पुढे तिथेच बसू लागली.

एका पत्रात यशोदाबाईंनी लिहिलं होतं की त्यांना वकिली शिकायची होती, फॉर्म आणला होता, पण दिराच्या लग्नात सहा महिने गेले आणि नंतर तो विषय कुणी काढला नाही. "मी तरी कुठे काढला, मालन? क्लबात मला सगळ्या अध्यक्ष अध्यक्ष म्हणतात. घरी आले की चपला काढते तिथेच अध्यक्षही काढून ठेवते."

"आई, हे ठेवू या ना," तृप्ती म्हणाली. ती स्वतः एका बँकेत मॅनेजर होती. "यात लपवण्यासारखं काय आहे?"

"लपवत नाही गं. मालनला सांगून झालंय ते. परत कुणाला सांगायचं नाहीये." बाईंनी हात पुढे केला.

पगारेंना त्या दिवशी पत्र द्यायला जरा वेळ लागला. पण दिलं.

खाली स्कूटरजवळ तृप्ती त्यांना गाठायला आली. "काका, मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत का तुम्ही?"

"मनात आलं होतं."

"मग?"

"नाही काढले."

तिनं मान हलवली. तिला बरं वाटलं की वाईट, हे पगारेंना कळलं नाही. त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

पुण्याला त्यांनी फोन करून सांगून टाकलं. संशोधक बाई म्हणाल्या, "निदान आम्हाला विचारायचं तरी." बाकीचा संग्रह त्यांनी घेतला, पण वेगळ्या खोलीचं बोलणं मागे पडलं. 'पगारे संग्रह'ऐवजी नाशिकच्या कागदांमध्ये एक विभाग झाला. पगारेंनी ते अंजलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "विभाग तर विभाग." आणि त्यांच्यासाठी चहा टाकला.

शेवटचं पत्र उरलं तेव्हा थंडी पडायला लागली होती. ते अगदी साधं होतं. मालन नाशिकला परत येणार म्हणून लिहिलेलं. "आता पत्रं नकोत. संध्याकाळी येत जा, जिन्यातूनच हाक मार." पगारेंनी ते सावकाश वाचलं. बाईंनी हात पुढे केला, कागद बोटांत धरला आणि तसाच पगारेंकडे सरकवला.

"आज मला नाही जमत. तुम्ही फाडा."

पगारेंनी कागद जुन्या घडीवर दुमडला. त्या घडीवर तो आधीच विरला होता, फारसा आवाजही झाला नाही.

इतक्या रविवारच्या चिंध्या तृप्तीनं एका पिशवीत भरून ठेवल्या होत्या. कचरागाडीत नको, असं बाईंनी सांगितलं होतं. गॅलरीत बादली आणली. बाईंना धरून खुर्चीवर बसवलं. पगारेंनी चिंध्या बादलीत ओतल्या आणि वरून कोमट पाणी घातलं. शाई फाउंटन पेनची होती. बघता बघता पाणी निळं होत गेलं. बाईंनी बाही वर केली, हात आत घातला आणि वरण घोटावं तसं ढवळत राहिल्या. मग लगदा हातात धरून पिळला आणि तळहात उघडून बघितला. त्यावर एकही अक्षर नव्हतं.

पगारेंनी बादली बाथरूममध्ये रिकामी केली. फरशीवर निळी धार पसरली. ती जाईपर्यंत ते मगानं पाणी ओतत राहिले.

बाहेर आले तेव्हा तृप्तीनं चहा आणला होता. पगारेंनी आपली रिकामी पिशवी उचलली.

"बसा की," यशोदाबाई म्हणाल्या. "वाचायचं संपलं म्हणून लगेच निघायला हवं असं नाही. इतके महिने माझंच चाललंय." त्यांनी शाल ओढून घेतली. "तुमचं गाव कुठलं?"

"हरसूलकडचं."

"आई होत्या तिथं?"

"हो. विठाबाई. जाऊन खूप वर्षं झाली."

"पत्रं लिहायच्या तुम्हाला?"

"नाही. तिला अक्षर येत नव्हतं. बाजाराच्या दिवशी गावाकडचं कुणी नाशिकला निघालं की त्याच्याकडं निरोप द्यायची."

"काय असायचा निरोप?"

पगारेंनी कप खाली ठेवला. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, काही आठवणारच नाही.

"म्हणायची, त्याला सांगा, नागली चांगली आलीय. म्हणायची, म्हैस व्यालीय, तू येशील तर खरवस ठेवते, नाय आलास तर लोकांना वाटून टाकीन. लय दिस झाले, तोंड दाव."

"मग?" बाई म्हणाल्या. "गेलात?"

"सुट्टी नव्हती मिळाली," पगारे म्हणाले आणि पुढचं सांगू लागले.

यशोदाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचे हात मांडीवर होते, बोटं अजून निळीच होती. चहा गार होत गेला, पण त्यांनी त्याला हात लावला नाही.