मेंढरांची ज्वारी

मल्हाररावाने ती ज्वारी पेरली नव्हती, विकत घेतली नव्हती आणि चोरलीही नव्हती. कन्नडच्या घाटावर, धान्याच्या नाक्यावर बसलेल्या कारकुनाला नेमकं हेच पटेना.

"मग आली कुठून?"

"मेंढरं बसवली, सायेब. देवगाव रंगारीला, काकासाहेबांच्या रानात."

कारकून शहरातला. मेंढरं बसवतात म्हणजे काय, हे त्याला कोण सांगणार? सुगी झाली की धनगर आपला कळप शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात मुक्कामाला ठेवतो, लेंड्यांनी जमीन कसदार होते आणि शेतकरी त्याचं मोल दाण्यात चुकवतो. त्या दाण्यावर मल्हारराव आणि कस्तुराबाई खानदेशातला उन्हाळा काढायचे. मूलबाळ नव्हतं. दोघं, घोडी आणि मेंढरं, एवढाच संसार.

निजामाच्या अमलात सक्तीने धान्य उचलणारे लेव्हीवाले यायचे, पण जमीनवाल्यांच्या दारात. धनगराकडे कोणी ढुंकून बघत नसे. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आपलं सरकार आलं, आणि आपल्या सरकारने दोन जिल्ह्यांच्या मध्ये नाका ठोकला! औरंगाबादचा दाणा घाट उतरून खानदेशात जायचा नाही. वाटेपुरता शिधा ठेवा, बाकीचा सरकारला विका.

कारकून तसा भला होता. त्याने कस्तुराबाईला सावलीत बसवलं आणि मल्हाररावाला नीट समजावलं. "देशात कुणी उपाशी राहू नये, म्हणून हे धोरण आहे. नाहीतर व्यापारी माल दडवतात. सरकार धान्य गोळा करतं आणि रेशनच्या दुकानातून सगळ्यांना वाटतं."

"लई चांगलं हाये की," मल्हारराव मनापासून म्हणाला. "मग आमाला बी वाटा."

"रेशनकार्ड दाखव."

"ते नाय."

"का नाही?"

"घर नाय, सायेब."

कारकुनाने मान हलवली, पोती उतरवून घेतली आणि पैसे मोजून दिले. मल्हारराव मुठीतल्या नोटांकडे बघत राहिला. कुणी उपाशी राहू नये म्हणून आपली ज्वारी घेतली, हे कळलं. मग कार्डाशिवाय दाणा मिळत नाही, तर आपण खायचं काय, हे मात्र कळेना. त्याने पुन्हा पहिल्यापासून विचार केला आणि पुन्हा तिथंच येऊन अडकला. शेवटी कळप माघारी वळवून तो देवगावला आला.

काकासाहेबांनी ऐकून घेतलं. माणूस मोठा बागायतदार, पण धनगराशी सरळ वागणारा.

"रेशनकार्डासाठी माझ्या मळ्यातलं खोपटं तुझं घर म्हणून लावू. तलाठी बघायला येईल. तिथं कुणीतरी राहताना दिसलं पायजे. कस्तुराबाईला ठेव. तू जा मेंढरं घेऊन."

"अन् तिला मिळालेला दाणा माझ्यापत्तुर कसा यायचा? नाका हायेच की."

टोपी काढून काकासाहेबांनी डोकं खाजवलं. "ते मला बी नाय कळत, गड्या. पण निदान ती तरी खाईल."

मल्हाररावाला तेवढं पटलं. ती तरी खाईल. मेंढरांना इथं चारा उरला नव्हता, त्यामुळे त्याला जाणं भागच होतं. बायकोला विचारावं असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. कस्तुराबाईने मुकाट्याने खोपटं सारवलं, चूल मांडली, आणि ती राजी आहे असं हा शहाणा धरून चालला.

तलाठी आला. चूल बघितली, भांडी बघितली, समाधानाने लेखणी काढली.

"बाई, तुम्ही इथंच राहता ना?"

एका होकाराचं काम होतं. कस्तुराबाईने नवऱ्याकडे बघितलं.

"नाय."

"अगं!" मल्हारराव ओरडला.

"मी ह्यांच्यासंगं राहते," ती तलाठ्याला म्हणाली. "हे जितं जातील, तितं."

तलाठ्याने लेखणी खिशात ठेवली. काकासाहेब कपाळावर हात मारून निघून गेले.

मल्हाररावाच्या अंगाचा तिळपापड झाला. "एक व्हय म्हणायला तुझं काय जात हुतं? बसल्या जागी खायला मिळालं असतं!"

"तुमी तिकडं काय खाताय, हे न कळता?" कस्तुराबाई उसळली. "घास उतरला असता व्हय माझ्या नरड्याखाली?"

ती भांडी गोळा करून घोडीवर लादू लागली. त्याने पुढे होऊन तिच्या हातातली दोरी घेतली आणि गाठ मारली. बायको चुकली की बरोबर वागली, हे त्याला सांगता येत नव्हतं. सरकारचं तर मुळीच कळलं नव्हतं. घाटाखाली ज्वारी कोण विकणार, हेही ठाऊक नव्हतं. पण ती मेंढरांच्या मागून चालायला लागली, तसा इतक्या दिवसांचा छातीवरचा दगड उतरल्यासारखं त्याला वाटलं आणि डोळे भरून आले.

"रडताय काय?" ती म्हणाली.

"मला बी कळंना," मल्हारराव म्हणाला.