सुटकेच्या आधीचे दिवस

मावशीला सगळेच मावशी म्हणत, पण तिला सख्खी भाची एकही नव्हती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिची उभी हयात गेली. तिथं मशिनींच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलावं लागे, म्हणून तिचा आवाज मोठा. कारखाना बंद पडला, मागोमाग नवरा गेला, आणि तो मोठा आवाज दोन खोल्यांत एकटाच उरला. मुलगा दूरच्या शहरात बायकोबरोबर राहत होता. वाईट नव्हता बिचारा, फोन करायचा, "जेवलीस का? औषध घेतेस ना? बरं, ठेवतो," म्हणायचा. एका फोनापासून दुसऱ्या फोनापर्यंत मावशी कुणाशी बोलायची म्हणाल, तर शेगडीशी. "पेट गं बाई," एवढंच. एकदा दूधवाल्यानं दार वाजवलं तर तिच्या घशातून शब्दच फुटेना. परवापासून आपण शेगडीशीसुद्धा तोंड उघडलेलं नाही, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

खालच्या मजल्यावर एक जण राहायचा, तो सिनेमावाल्यांना माणसं पुरवायचा. बाजारात गर्दी हवी, मोर्चात गर्दी हवी, स्फोटानंतर रस्त्यावर प्रेतं हवीत, हा आणून देणार. त्याचं नावच पडलं होतं गर्दीवाला. एके दिवशी त्यानं मावशीला जिन्यातच गाठलं.

"मावशी, रिकाम्याच असता ना? एका सिनेमात ओलीस व्हाल का?"

"काय होऊ?"

"ओलीस हो. अतिरेकी बँकेत घुसतात आणि लोकांना डांबून ठेवतात. त्या लोकांत एक म्हातारी कमी पडतेय. जी ठरली होती ती लेकीच्या बाळंतपणाला गेली."

"मला बाई नाटकं जमत नाहीत."

"नाटक कसलं त्यात? जमिनीवर बसायचं आणि घाबरायचं."

"बसेन," मावशी म्हणाली. "घाबरायचं बघू."

शहराबाहेरच्या एका पडीक गोदामात बँक उभी केली होती. बाहेरून गंजका पत्रा आणि आत संगमरवर, तोही रंगवलेला. प्रत्येक ओलिसाच्या जागेवर खडूनं खूण होती, कारण रोज त्याच जागी, त्याच कपड्यांत, तसंच बसायचं. मावशीच्या डाव्या हाताला एक निवृत्त पोस्टमन. उजव्या हाताला एक मुलगी, पोटाला उशी बांधलेली. सिनेमात ती गरोदर होती. तिला पहिल्याच दिवसापासून सगळे पोटुशी म्हणायला लागले.

"तू आजींच्या खांद्यावर डोकं ठेव," डायरेक्टर तिला म्हणाला. "थकलीयस, भेदरलीयस. आणि आता शेवटपर्यंत हेच. डोकं हलवायचं नाही."

पोटुशीनं डोकं ठेवलं. मावशी ताठ झाली. तिच्या अंगाला माणसाचा हात लागून किती काळ लोटला होता, तिचं तिलाच आठवेना. मुलीच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. थोड्या वेळानं मावशीचा खांदा सैल पडला आणि मुलीचं डोकं नीट बसलं.

गोष्ट अशी होती, की कुठल्याशा प्रांतात भांडणाऱ्या दोन पक्षांत समझोता व्हायचा असतो. तो मोडावा आणि आपला पुढारी तुरुंगातून सुटावा म्हणून अतिरेकी बँक ताब्यात घेतात. मंत्री म्हणतो बोलणी करा, सेनापती म्हणतो दार उडवा. मावशीला यातलं अर्धं कळलं. उरलेलं पोस्टमननं समजावलं, तर कळलेलं अर्धंही गेलं.

पहिल्यांदा खोट्या गोळ्या सुटल्या तेव्हा मावशी अशी किंचाळली की डायरेक्टरनं टाळ्या वाजवल्या. अतिरेक्यांचा म्होरक्या झालेला नट चांगला धिप्पाड होता, गालावर व्रण चिकटवलेला. तो बंदूक रोखून मावशीवर ओरडायचा, "एक शब्द काढलास तर इथंच आडवी करीन!" आणि सीन संपला की तीच बंदूक काखेत मारून विचारायचा, "मावशी, गुडघा कसा आहे आज? उठताना हात देऊ का?"

"मेल्या, मघाशी आडवी करत होतास!" मावशी म्हणायची, आणि डांबलेले सगळे खो खो हसायचे.

असं हसू तिनं कारखान्यानंतर ऐकलं नव्हतं. चहा यायचा, डबे उघडायचे, ह्याची भाजी त्याच्या झाकणात जायची. पोटुशीच्या उशीची शिवण उसवली तेव्हा मावशीनं दोन टाके घातले आणि म्हणाली, "आता जपून, नाहीतर बाळ कापसाचं निघायचं." पोटुशी तिच्या खांद्यावर डोकं ठेवूनच काय काय सांगायची: खोलीतल्या मुलींची भांडणं, न झालेलं लग्न, आईनं धरलेला अबोला. कॅमेरा चालू झाला की गप्प. बंद झाला की, "तर मी काय सांगत होते मावशी..."

घरी गेल्यावर मावशी लवकर झोपायची. सकाळ कधी होते असं तिला झालेलं असायचं. मुलाचा फोन आला तर आता तीच म्हणायची, "बरं, ठेवते. उद्या मला ओलीस जायचंय."

मग एक दिवस असिस्टंट आला आणि पोस्टमनला म्हणाला, "काका, उद्या तुम्ही मरताय."

झालं असं, की मंत्री वेळ काढतोय म्हटल्यावर म्होरक्या एका ओलिसाला मारतो. डायरेक्टरला पोस्टमनचा चेहरा पसंत पडला. पोस्टमन भलताच खूश. "निवडून घेतलं हो मला," असं ज्याला त्याला सांगत सुटला. दुसऱ्या दिवशी त्याला ओढत नेलं, गोळी झाडली, शर्टाखालची रक्ताची पिशवी फुटली आणि तो झकास पडला. सगळ्यांनी पाठ थोपटली. तो तोंड धुऊन, हसत हसत घरी गेला.

त्याच्यानंतरच्या सकाळी मावशीच्या डावीकडे नुसती खडूची खूण होती. जागा तशीच रिकामी ठेवायची होती. कॅमेरा चालू झाला, मावशीनं तिकडं पाहिलं, आणि तिला रडू फुटलं ते थांबेचना. डायरेक्टर खुर्चीतून अर्धवट उठला, कॅमेरावाल्याला खूण करून म्हणाला, "चालू ठेव, चालू ठेव." पोटुशी मात्र डोकं न हलवता पुटपुटत होती, "मावशी, अहो ते घरी आहेत, चहा पीत असतील."

"माहीत आहे गं मला," मावशी म्हणाली, आणि रडतच राहिली.

दुपारी फाटकाशी गडबड ऐकू आली. पोस्टमन डबा घेऊन आला होता आणि पहारेकरी त्याला आत सोडत नव्हता. "तुमचं काम संपलं काका. मेलात तुम्ही."

"अरे, पण जेवायला तर येऊ दे!"

नाहीच सोडलं. मावशी आणि पोटुशी फाटकाच्या ह्या बाजूला, पोस्टमन त्या बाजूला, असे तिघं उभ्या उभ्या जेवले. "सिनेमा लागला की पहिल्या रविवारी दुपारचा खेळ आपण बरोबर बघायचा," पोस्टमन म्हणाला. दोघींनी मान डोलावली.

शेवटी सुटकेचा दिवस उजाडला. धूर झाला, दार उडालं, काळ्या कपड्यांतले कमांडो आत घुसले. म्होरक्या जिन्यावरून कोसळला. पोटुशीला कळा सुरू होतात, म्हणून तिला स्ट्रेचरवर घालून पळवायचं होतं. तिचं डोकं खांद्यावरून उचललं गेलं आणि मावशी बसूनच राहिली.

"कट! आजी, काय झालं? उठा की!"

"गुडघा," मावशी म्हणाली.

दुसऱ्यांदा ती उठली, पण सगळ्यांच्या मागं रेंगाळली. डायरेक्टर जवळ आला. माणूस समजूतदार होता. "आजी, मरणाच्या दारातून सुटलाय तुम्ही. बाहेर तुमची माणसं वाट बघतायत. आनंद दाखवा ना थोडा."

मावशीनं दाराकडं पाहिलं. दाराबाहेर तारा, दिवे आणि रिकाम्या खुर्च्या. तिसऱ्यांदा ती दात विचकून धावली. ते चाललं.

सगळ्यांनी एकमेकांचे नंबर घेतले, मिठ्या मारल्या. म्होरक्यानं गालावरचा व्रण काढून मावशीला आठवण म्हणून दिला, तेव्हा सगळे शेवटचं हसले. काही दिवसांनी मावशीनं पोटुशीला फोन लावला. "कोण? ... हां, मावशी! अहो कामावर आहे, नंतर करते हं." नंतर तिचा फोन आला नाही. मावशीनंही पुन्हा लावला नाही. कामावर जाणारी मुलगी, तिला कशाला त्रास.

सिनेमा लागला. पहिल्या रविवारी मावशी ठेवणीतले कपडे घालून थिएटरशी वेळेच्या बरीच आधी जाऊन उभी राहिली. पोटुशी आली नाही. पोस्टमन आला, बरोबर त्याची बायको, दोन मुलगे, सुना, नातवंडं, अशी अख्खी पलटण. हा माणूस आपल्यासारखाच घरी भिंतीशी बोलत असणार, असं मावशी का कोण जाणे धरून चालली होती.

"अगं, ह्या बघ, ह्या माझ्याबरोबर ओलीस होत्या!" पोस्टमननं बायकोला सांगितलं.

"हो का? हे नेहमी सांगतात तुमच्याबद्दल," बायको हसून म्हणाली. "या ना कधी घरी."

"येईन की," मावशी म्हणाली. घर कुठं, ते कुणी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. त्यांची ओळ पुढची होती, हिची मागची. पोस्टमन पडद्यावर मेला तेव्हा नातवंडांनी शिट्ट्या मारल्या. मावशीचा रडण्याचा सीन कुठंच नव्हता. होता तो खांदा. पोटुशीचा चेहरा पडदाभर यायचा, डोळे मिटलेले, आणि तिच्या गालाखाली मावशीचा खांदा, एवढा मोठा, की कापडाचा धागा न् धागा दिसावा. मावशी तेवढ्यापुरती पुढं सरकून बसायची.

खेळ संपला. पोस्टमनची पलटण हात हलवत, पोरं मोजत निघून गेली. मावशी रस्त्यापर्यंत गेली, बसच्या थांब्यावर उभी राहिली. बस आली आणि गेली. मग ती परत फिरली आणि तिनं पुढच्या खेळाचं तिकीट काढलं.

ह्या वेळी शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. अतिरेकी घुसले, लोक जमिनीवर बसले, मुलीनं डोकं टेकलं. मावशीला आता पुढचं सगळं ठाऊक होतं: कुठं म्होरक्या ओरडतो आणि त्याच्यानंतर त्यानं गुडघ्याचं विचारलं होतं, कुठं पोटुशी हुंदका देते आणि त्याच्या आधी ती खोलीतल्या मुलींची नक्कल करत होती. अंधारात मावशी एकटीच, जिथं कुणी हसू नये तिथं, हसत होती.

सेनापतीनं दार उडवायचा हुकूम दिला. मावशी उठली आणि गुडघा सांभाळत पायऱ्या उतरली. दारावरचा माणूस म्हणाला, "अहो आजी, आत्ता कुठं निघालात? खरी मजा तर पुढं आहे. कमांडो येतायत, सगळ्यांना सोडवतात."

"बघितलंय मी," मावशी म्हणाली.

बाहेर ऊन उतरलं होतं. पाठीमागं, दाराआडून, मोठा धडाका ऐकू आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.