शनी पेटीतून येतो

धार शहरात कुक्षी रोडवरच्या मैदानात त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मंडपाच्या मधोमध एक जुनी जीप उभी होती. तिच्या चाकाचा एक नट गंजून असा बसला होता, की धारच्या निम्म्या मिस्त्र्यांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. नटासमोर लोहागिरी महाराज. काळी कफनी, कपाळाला काजळ, बोटांत चांदी-तांब्याच्या सात अंगठ्या.

"भिया, ये जंग क्या है? शनि का थूक है!" महाराज माईकवर गरजले. "शनि लोहे में बैठता है. नट में बैठा तो गाड़ी अटकी, घुटने में बैठा तो आदमी अटका! निकालूँ?"

"निकालो, महाराज!"

महाराजांनी काळ्या दोऱ्यात गुंडाळलेला एक जाड वेढा नटाभोवती अडकवला. वेढ्याचं दुसरं टोक शनीच्या मूर्तीखालच्या लाकडी पेटीत गेलं होतं. मंत्र सुरू झाला तशी पेटी गुणगुणू लागली. शनीच बोलतोय, असं भक्तांनी ठरवून टाकलं. बघता बघता नट लालबुंद झाला. जाळ नाही, निखारा नाही! महाराजांनी वरून तेल ओतलं, भस्सकन धूर उठला, आणि समोरच्या एका म्हातारबाबांनी पाना लावताच नट निमूट फिरला. नट बाजूला झाल्यावर महाराजांनी त्याच वेढ्यात स्वतःचं बोट घातलं आणि हसत बाहेर काढलं. बोटाला काही नाही. एका भक्ताने तसंच करून पाहिलं, तर त्याच्या बोटातली लोखंडी अंगठी चरचरली आणि तो किंचाळला. "निकला शनि!" महाराज म्हणाले. मैदान जयजयकाराने दणाणलं.

सरला दुसऱ्या रांगेत बसली होती. तिला महाराजांची नव्हे, शेजारी बसलेल्या नवऱ्याची काळजी होती. दोन वर्षांपूर्वी मांडूच्या घाटात चिंतामणींची स्कूटर घसरली, नडगीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत स्टीलची लांब सळई घालून हाड जुळवलं. हाड जुळलं, दुखणं मात्र गेलं नाही. भूमापन कचेरीत उभा जन्म काटेकोर मोजणी करण्यात गेलेला हा माणूस आता तोंड उघडं टाकून तो नट बघत होता.

"पुढच्या शनिवारी माझा नंबर लावलाय," ते म्हणाले. "सळई गंजली असणार बघ आत."

घरी आल्यावर सरलाने पोळ्यांसाठी विजेच्या चुलीवर तवा ठेवला आणि तशीच थबकली. गॅस संपला की ती विजेच्या इंडक्शनच्या चुलीवर स्वयंपाक करायची. त्या चुलीवर सासूबाईंचं पितळी पातेलं ठेवलं की चूल नुसती पीं-पीं करायची, तापायची नाही. लोखंडी तवा मात्र जाळाशिवाय मिनिटात तापायचा.

"अहो, ती चूल आहे!" ती बाहेर येऊन म्हणाली. "आपल्या ओट्यावरची. महाराजांचं बोट भाजत नाही, लोखंड तापतं. आणि तुमच्या पायात लोखंडच आहे!"

चिंतामणींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "रोज सकाळी भिंतीला धरून उठतो मी. तुला मी बरा व्हायला नकोय का, सरला?"

यावर कुठल्या बायकोने काय बोलावं? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ही काडी विस्तवाची आहे, हे बुडणाऱ्याला कोण पटवणार!

दुसऱ्या दिवशी ती कुक्षी रोडवरच्या ओळखीच्या मेकॅनिककडे, अंशुलच्या गॅरेजात गेली. महाराजांचं ऐकून अंशुल हसला आणि फळीवरून एक लहानसं यंत्र काढून आणलं. त्याला तसाच वेढा होता, फक्त काळा दोरा नव्हता.

"काकू, ये तो हमारा रोज का काम है. पुरानी गाड़ी का जंग लगा नट इसी से खोलते हैं."

त्याने एक गंजका नट लाल करून दाखवला. वेढा तांब्याच्या तारेचा. तारेतून वीज वेगाने इकडून तिकडे धावली की वेढ्यातल्या लोखंडात आपोआप वीज फिरते आणि लोखंड आतूनच तापतं. तापलं की फुगतं, गंजाची पकड तडकते, तेल आत शिरतं, नट सुटतो. पितळ इतक्या लवकर तापत नाही. मांसाला तर काहीच होत नाही. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, शरीरात धातू असलेल्यांनी लांब राहावं.

"अंशुल, शनिवारी येऊन एवढंच सांग ना सगळ्यांना!"

अंशुल हात पुसत राहिला. "काकू, मेरी दुकान इसी रोड पे है."

त्याने एक पितळी नट आणि ती पुस्तिका तेवढी तिच्या हातावर ठेवली. बिचारा, त्याचा तरी काय दोष!

शनिवारी सरला भर मंडपात उभी राहिली. आवाज चढवून म्हणाली, "महाराज, हा नट लाल करून दाखवा."

महाराजांना नाही म्हणता येईना. वेढ्यात नट ठेवला, पेटी गुणगुणली, मंत्र संपला. नट जेमतेम कोमट.

"बघा!" सरला ओरडली. "हा शनी नाही, विजेचं यंत्र आहे!"

महाराजांनी तो नट उचलून गर्दीला दाखवला. मग खदखदून हसले. "सुना, भिया? माताजी ने खुद साबित कर दिया! पीतल में शनि बैठता ही नहीं! बोलो शनि महाराज की..."

"जय!"

झालं! तिचाच पुरावा त्यांनी तिच्या देखत खिशात घातला. एक बाई तर येऊन सरलाच्या पाया पडली. सरला पुस्तिका दाखवत, अंशुलचं सगळं सांगत राहिली, पण पालथ्या घड्यावर पाणी. या गलक्यात चिंतामणी कधी पुढे गेले, धोतर वर करून पाय कधी माणसांसाठीच्या मोठ्या वेढ्यात दिला, तिला कळलंच नाही.

"ऊब वाटतेय," ते गर्दीकडे बघून हसत म्हणाले.

मग ते हसू जागीच थिजलं. मग ते ओरडले.

"निकल रहा है! पकड़ के रखो!" महाराजांनी फर्मावलं. दोन सेवकांनी चिंतामणींचे खांदे दाबून धरले आणि शेकडो माणसांनी टाळ्या वाजवल्या. सरला गुडघ्यांवर रांगत मूर्तीच्या लाकडी मंचाखाली शिरली, पेटीची वायर सापडेल तशी ओढत मंडपामागच्या जनरेटरपर्यंत गेली आणि प्लग उपटला. पेटी मुकी झाली. मंत्र चालूच होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला. कातडीवर साधा लाल डागसुद्धा नव्हता. आत मात्र सळईभोवतीचं हाड भाजून निघालं होतं. सळई काढावी लागेल, मग पायाचं काय ते बघू, असं ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत मैदानातला मंडप उठला. महाराज देवास शहरात दरबार भरवू लागल्याचंही दोन दिवसांत कळलं.

सरलाने पुन्हा सगळं समजावून सांगितलं. चिंतामणी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "अर्ध्यात वायर ओढलीस, म्हणून शनी आतच राहिला."

तिला रडू आलं. रागही आला, पण आजारी माणसावर रागावणार तरी किती? ती पाण्याचा पेला भरून उशाशी ठेवून बसली.

चौथ्या दिवशी शेजारच्या सगुणाबाई दवाखान्यात भेटायला आल्या. त्यांचे दोन्ही गुडघे ऑपरेशन करून बदललेले, तरी जिना चढताना दुखायचे. चौकशी झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सरलावहिनी, देवासला गर्दी कमी असेल का हो? सकाळची बस कितीला आहे?"

सरलाने त्यांचे दोन्ही हात धरले. "सगुणाबाई, माझ्यावर विश्वास ठेवू नका. महाराजांवरही ठेवू नका. तुमचे गुडघे बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारा, आत काय घातलंय आणि ते तापलं तर काय होईल. महाराजांना पेटी उघडून दाखवा म्हणा. विचारल्याने देव कोपत नाही हो, कोपतो तो लबाड. उत्तर मिळालं नाही, तर रांगेतून उठा. एवढं करा."

"हो हो, खरंय," सगुणाबाई म्हणाल्या आणि पदर सावरत उठल्या. "तरी सातची असेल ना बस?"

सरलाचे हात गळून मांडीवर पडले.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. चिंतामणींनी मान वळवली नव्हती.

"सगुणाबाई, जाऊ नका," ते म्हणाले. "आतून भाजतं."